पोट्टे खूश, पण पार्टी नाराज : बालकार्यक्रमाला बोलावणाऱ्याचं समाधान कसं करावं?

गंमत_दारव्हा :

नमस्कार मंडळी. विदर्भात जादू, हातबाहुल्या आणि फुग्यांचे प्राणी असा पाऊण तासाचा कार्यक्रम करतो. कामं तीन तऱ्हेची : जिल्हा परिषदेच्या शाळा, खेड्यातले वाढदिवस, आणि मंडळं (तान्हा पोळा म्हणजे पोट्ट्यांचा लाकडी नंद्यांचा पोळा, गणपती, शारदा). पोट्टे हसतात, टाळ्या वाजवतात, ती चिंता नाही. चिंता पार्टीची, म्हणजे बोलावणाऱ्याची आहे. "छान झालं" असं तोंडानं म्हणून राह्यले, पण पैसे देताना चेहरा पडलेला, आणि पुढच्या वर्षी फोन नाही.

आता तान्ह्या पोळ्याचं काम हाती आहे. मारुतीच्या पारासमोरची मोकळी जागा, दोनशेच्या आसपास पोट्टे, वेळ दुपारी चारची. अध्यक्ष फोनवर एवढंच म्हणाले, "या तुम्ही, सगळं होऊन जाते. आन् हरेक पोट्ट्याले एक फुगा द्याच."

कार्यक्रमाआधी नेमकं काय विचारून घ्यावं? फुग्याचं काय करू? माइक मंडळाचा वापरावा की आपला न्यावा? आणि कार्यक्रम चालू असताना मधेच कोणी "आता आवरा" किंवा "अजून चालवा" म्हणालं, तर काय करावं?

---

बोलकी_बाहुली :

भाऊ, पोट्टे हसले म्हणजे काम झालं, हा हिशेब आपला. अध्यक्षांचा हिशेब वेगळा आहे. त्यांना नंद्यांची रांग लावायची असते, परीक्षकांकडून निकाल काढून घ्यायचा असतो, बक्षिसं देणाऱ्या दात्यांना मानानं बसवायचं असतं, आणि शेवटचं बक्षीस वाटेपर्यंत गर्दी जागेवर हवी असते. तुम्हाला बोलावलंय ते त्या गर्दीसाठी. ते गर्दी तुमच्या हाती देतात आणि बसलेली, शांत, वेळेवर परत मागतात. तुम्ही सगळ्यात धमाल खेळ शेवटी ठेवला, पोट्टे उठून नाचले आणि तशात माइक अध्यक्षांच्या हाती दिला, की पुढची पंधरा मिनिटं ते "बसा रे, बसा" करत राहतात आणि दाते घड्याळ पाहतात. चेहरा पडतो तो तिथं.

म्हणून क्रम बदला. गोंगाटाचा खेळ शेवटून दुसरा ठेवा. शेवटचा चार-पाच मिनिटांचा, बसून पाहायचा, कमी बोलण्याचा. बाहुली दमून झोपते, तिची झोप मोडू नये म्हणून सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवायचं, हा शेवट दोनशे पोट्ट्यांवरही चालतो. ते गप्प झाले की अध्यक्षांचं नाव घ्या, पुढं काय होणार ते एका वाक्यात सांगा ("आता निकाल, ज्याचं नाव येईल तोच उठेल"), माइक द्या आणि मागं सरका. आपला फोन नंबर सांगायचा असेल तर त्याच्या आधी, एकदाच, आणि तोही विचारून. दुसऱ्याच्या मांडवात चारदा नंबर सांगणारा कलाकार कोणालाच आवडत नाही.

तान्ह्या पोळ्यात तुमची जागा कुठं येते यावर अर्धं काम असतं. नंदी रांगेत लागतात, परीक्षक सजावट आणि वेशभूषा पाहत फिरतात, गुण मांडतात. मग बेरजा, वाद, पुन्हा बेरजा. त्याला अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि तेवढ्यात पोट्टे पांगतात. कार्यक्रम नेमका त्या फटीत बसवा. रांगेच्या आधी ठेवला तर आया अजून लेकरांना नटवत असतात, निम्मी गर्दी आलेलीच नसते. बक्षिसांनंतर ठेवला तर मैदान रिकामं, कारण पोट्टे नंदी घेऊन बोजारा (पोळ्याची खुशाली) मागायला घरोघरी निघालेले असतात.

आणखी एक : प्रत्येकाच्या हातात नंदी असतो, म्हणून टाळ्या वाजत नाहीत. कार्यक्रम पडला असं समजून आवाज वाढवू नका. सुरुवातीलाच "नंदी मांडीपुढं ठेवा, दोरी गुडघ्याखाली दाबा" असं करून घ्या. नंदी पाठीमागं ठेवू देऊ नका. तुडवला गेला की शिंग मोडतं, रडारड होते, आई मंडळाशी भांडते. चाकांवरचे मोठे नंदी एका बाजूला दोरी बांधून त्यात उभे करा आणि तिथं एक कार्यकर्ता ठेवायला सांगा.

फोनवर "काय काय हवं?" असं मोघम विचारलं की "तुम्हीच बघा" असंच उत्तर येतं. नेमकं विचारा. माझ्या आधी माइक कोणाकडं आणि माझ्यानंतर कोणाकडं? पाहुणे किती वाजता येणार, आणि उशीर झाला तर मी लांबवायचं की थांबायचं? सत्कार किती? शाल-नारळाचा एक सत्कार नाव पुकारण्यासकट दोन मिनिटं धरा. दहा असले की वीस मिनिटं गेली. पाऊस आला तर समाजमंदिर की शाळेचा वर्ग, आणि तिथं किती जण मावतात? पोळ्याचे दिवस, पावसाचा प्रश्न विसरूच नका. मग तारीख, वार, वेळ, रक्कम, जागा, पावसाची जागा, सगळं सात-आठ ओळींत व्हॉट्सॲपवर पाठवून "बरोबर आहे ना?" विचारा. सचिवालाही पाठवा. त्या दिवशी अध्यक्ष पाहुण्यांमागं असतात, तुम्हाला भेटतो तो सचिव.

"आवरा" आणि "चालवा" यांचा इलाज आधीच करायचा. कार्यक्रम तीन मापांत बसवून ठेवा : ४५, ३० आणि २० मिनिटं. सुरुवात तीच, शेवट तोच, मधले खेळ सुटे. एकच माणूस खूण करील असं ठरवा. सचिवानं हात वर केला की चालू खेळ पुरा करून थेट शेवटच्यावर जायचं. लांबवायचं असेल तर दोन मोकळे खेळ पेटीत वेगळे ठेवा, ज्यांना मांडामांड लागत नाही. बाकी दहा जण काहीही सांगोत, मान डोलवा आणि सचिवाकडं पाहा.

---

पार_मंडळ :

मंडळाच्या बाजूनं सांगतो. वर्गणी गावाची असते, त्यामुळं दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर लोक आम्हाला विचारतात, तुम्हाला नाही. ते दोनच गोष्टी विचारतात : "आमच्या पोराले काहून नाही बोलावलं स्टेजवर?" आणि "अमक्याचं नाव काहून नाही घेतलं?"

पहिल्यासाठी, स्टेजवर मुलं बोलावताना एकाच कोपऱ्यातली बोलावू नका. गावात प्रत्येक कोपरा म्हणजे एक वस्ती, एक आळी असते. डावीकडून एक, उजवीकडून एक, मागून एक, मुलगा-मुलगी आळीपाळीनं. पाटलाच्या किंवा अध्यक्षाच्या पोराला पहिलं बोलावलं तर आमचीच पंचाईत होते. दुसऱ्यासाठी, नावं कागदावर लिहून घ्या, आडनावासकट, आणि माइकवर जाण्याआधी एकदा आम्हाला वाचून दाखवा. देणगीदाराचं आडनाव चुकलं तर पुढच्या वर्षी ती देणगी जाते.

आणि वेळेच्या अर्धा तास आधी या. तुम्ही आलेले दिसले की आमचा जीव भांड्यात पडतो.

---

फुगा_२६० :

"हरेक पोट्ट्याले एक फुगा" याला सरळ हो म्हणू नका. हिशेब मांडा आणि अध्यक्षांना ऐकवा. २६० नंबरच्या लांब फुग्याची साधी तलवार, पंपानं फुगवून गाठ मारून, हात बसलेला असला तर ४० सेकंदांत होते. कुत्र्याला सव्वा-दीड मिनिट. २०० मुलं गुणिले ४० सेकंद म्हणजे ८,००० सेकंद, सव्वादोन तास. मदतनीस घेतला तरी तासाच्या वर. चारला सुरू केलं तर दिवेलागण होईल आणि बक्षिसं राहतील.

सकाळी बनवून न्याव्यात म्हणाल, तर दोनशे तलवारी न्यायला जाळीचे मोठे बोरे लागतात, गाडीत निम्म्या फुटतात, आणि उरलेल्या वाटल्या की पाहुण्यांच्या भाषणात दोनशे तलवारींची लढाई चालते. हे वाक्य अध्यक्षांना ऐकवलं की ते फुग्याचा हट्ट सहसा सोडतात.

त्याऐवजी त्यांना हे द्या. फुगा बक्षिसाला जोडा : प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघांना फुग्याचा नंदी. तीन गट असले तर नऊ नंदी, निकाल लागण्याआधी तयार. पांढरा फुगा घ्या, टोकाकडं चार-पाच बोटं न फुगवता सोडा, गाठ मारण्याआधी थोडी हवा सोडून फुगा मऊ करा, नाहीतर पिळाला जागा राहत नाही. चार पायांचा नेहमीचा देह करा, मान आखूड ठेवा. शिंगांसाठी दुसऱ्या रंगाचा वीतभर तुकडा फुगवून दोन्ही टोकांना गाठ मारा, मधोमध पिळा आणि कानांच्या पिळात अडकवा. एकाला अडीच-तीन मिनिटं लागतात. बाकीच्या सगळ्यांना मंडळानं बिस्किटाचा पुडा द्यावा, तोही उठताना, रांगेरांगेनं. नियम एकच : द्यायचं तर सगळ्यांना, किंवा मग मोजक्यांना आणि कारण सांगून. "जे पुढं होते त्यांना मिळालं" असं झालं की कटकट पार्टीच्या माथी.

फुग्याला आपल्या भागातलं ऊन सोसत नाही. सावलीत फुगवलेला उन्हात नेला की आतली हवा पसरते आणि तो फुटतो; म्हणून मार्च ते जूनमध्ये कमी फुगवा आणि गडद रंग टाळा, ते लवकर तापतात. फुगा पांढुरका, मळका दिसायला लागला की रबर मरायला लागलं समजा. उरलेली पाकिटं हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा, गाडीच्या डिक्कीत नको. गवत, कुसळ, तुरीची खुंटं, मुरमाचे खडे यांना फुगा टेकला की फुटलाच. १०० च्या पाकिटात पाच-दहा वाया जाणार हे धरूनच चला.

फुटलेले तुकडे स्वतः वेचा किंवा दोन मोठ्या मुलांना ते काम द्या. आठ वर्षांखालच्या लेकरांच्या घशात तुकडा किंवा न फुगवलेला फुगा अडकू शकतो, म्हणून रिकामा फुगा कोणाच्याही हाती देऊ नका, "काका मले एक द्या न" म्हणून कितीही मागं लागले तरी. आणि मंडळानं गॅसचे फुगे लावायचं काढलं तर हात जोडा. फुगेवाल्यांकडचा गॅस बरेचदा हायड्रोजन असतो. आरतीचं तबक किंवा उदबत्ती जवळ आली की भडका उडतो.

---

दिग्रस_साउंड :

माइक स्वतःचा न्या. मंडळाचा असतो तो एक हातातला, त्यानं तुमचा एक हात जातो आणि बाहुली-दोरी दोन्ही अडतात. डोक्याला लावायचा बिनतारी माइक घ्या, त्यात नवे सेल घाला आणि एक जोडी खिशात ठेवा. अर्धे उतरलेले सेल आधी खरखर करतात आणि मग ऐन खेळात जातात.

मांडववाल्याच्या मिक्सरला जोडायला तारा आपल्याच असाव्यात : एक पाव इंची जॅकची, एक तीन पिनांची माइकची (एक्सएलआर). "आहे न आमच्याकडं" म्हणतात ती बरेचदा तुटकी निघते. शिवाय एक चार्जिंगचा ट्रॉली स्पीकर, बारा इंची, पूर्ण चार्ज करून. लाइट गेली किंवा संध्याकाळी गावचं व्होल्टेज पडलं तर त्याच्यावर दोनशे जणांचं काम निघतं. मोठ्या मैदानात मात्र तो पुरत नाही.

स्पीकर तुमच्या पुढं, दोन बाजूंना, बसलेल्या पोट्ट्यांच्या डोक्यांच्या वर, साधारण पाच-सहा फुटांवर. तुमच्या पाठीमागं ठेवला की माइक तोच आवाज परत ओढतो आणि कुईंऽऽ सुरू होते. मग मांडववाला आवाज कमी करतो, मागच्यांना ऐकू येत नाही, मागचे बोलायला लागतात. मागचे बोलले म्हणजे कार्यक्रम गेला. पावसाळ्यात लोखंडी खांबाला आणि माइकला हात लावण्याआधी टेस्टर टेकवा. ओली जमीन आणि आकड्याची वायर, सांगायला नको.

डीजेवाला असेल तर त्याला आधीच भेटून चहा पाजा. तुमच्या वाक्यागणिक "ढिशूम" वाजवणारा डीजे शंभर मुलांपेक्षा जास्त त्रास देतो. त्याला सांगा : सुरुवातीला एक गाणं, शेवटी एक, मधे शून्य. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हे ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. गणपतीत कार्यक्रम नऊला सुरू करायचा ठरत असेल तर हे तुम्हीच आधी बोला.

---

गंमत_दारव्हा :

डोक्यात उजेड पडून राह्यला. बसायची व्यवस्था कशी करू? आणि शाळेचं, वाढदिवसाचं कोणी सांगेल का? पैशाचंही.

---

बोलकी_बाहुली :

बसण्याचं झटपट सांगते. मांडी घालून बसलेल्या मुलाला दोन बाय दोन फूट धरा. दोनशे मुलांना ८०० चौरस फूट, वाट सोडून तीस बाय तीसचा चौकोन. चुन्याच्या फक्कीनं आखून घ्या, पहिली रेघ तुमच्यापासून आठ फुटांवर, मधोमध दीड हाताची वाट. रेघ नसली की दर पाच मिनिटांनी गर्दी वीतभर पुढं सरकते आणि शेवटी तुमच्या पेटीत डोकावते. लहान पुढं, मोठे मागं, आया-आजी कडेला. चारचं ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून मुलांची पाठ पश्चिमेला, ऊन तुमच्या डोळ्यांत. त्यांच्या डोळ्यांत गेलं तर ते पाहणारच नाहीत. तुमच्या पाठीशी भिंत, पार किंवा चादर हवी, नाहीतर मागून पाहणारा एक पोट्टा मोठ्यानं सगळी युक्ती फोडतो.

पत्त्यांचे खेळ घरी ठेवा. वीसच्या वर मुलं असली की पत्ता दिसत नाही. बोटाएवढी जाड दोरी, हातभर रुमाल, मोठ्या कड्या, वर्तमानपत्र. वारा असेल तर रुमाल आणि कागद काढून टाका.

---

खिचडीवाले_गुरुजी :

शाळेचं मी सांगतो. मुख्याध्यापकांना कार्यक्रमानंतर कागद लागतो. पावती (रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही), त्यावर शाळेचं पूर्ण नाव, केंद्र, तालुका, कार्यक्रमाचा विषय. पैसे बरेचदा लोकवर्गणीचे किंवा शिक्षकांनी खिशातून काढलेले असतात, शाळा व्यवस्थापन समितीपुढं हिशेब जातो. पावती आधीच लिहून आणणारा कलाकार पुन्हा बोलावला जातो, हे अगदी खरं.

वेळ विचारताना पोषण आहाराची वेळ विचारा. खिचडीचा वास आला की पहिली-दुसरी तुमची राहत नाही. कार्यक्रम मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी संपला पाहिजे, हात धुवायची रांग लावायला तेवढा वेळ लागतो. पहिली ते चौथीला ३५ मिनिटं पुरे, पाचवी ते आठवीला ५०. एकत्र बसवायचे असतील तर लहानांच्या मापानं चाला. आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनच्या शेवटी उघडतात, हे लक्षात ठेवून फोन करा. जूनच्या मध्यात फोन केला तर कोणी भेटत नाही.

शिक्षकांची टिंगल नको. एखाद्या गुरुजींना किंवा बाईंना खेळात घ्यायचं असेल तर आधी विचारून घ्या. मुलांना हात लावून ओढू नका, कडेवर घेऊ नका, खेळ चालू असताना एक शिक्षक जवळ उभे असू द्या. फोटो शाळेनं काढावेत. तुम्हाला आपल्या पानावर टाकायचे असतील तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्या.

मुलाला स्टेजवर बोलावल्यावर "तुझे बाबा काय करतात?" हा प्रश्न सगळेच जादूगार विचारतात. आपल्या भागात तो विचारू नका. कोणाच्या घरी काय घडलंय ते तुम्हाला माहीत नसतं, शिक्षकांना असतं, आणि त्या क्षणी सगळे शिक्षक खाली पाहतात. नाव, वर्ग, आवडता खेळ, एवढं पुरे. कर्ज, दारू, रंग, जाडी, जात, यांवरचे विनोदही तसेच बाहेर.

मुलं दुसऱ्या दिवशी घरी करून पाहतात, त्या नजरेनं खेळ निवडा. गळ्यातून दोरी आरपार, तोंडात ब्लेड, कापूर पेटवून जिभेवर, डोक्यावरून पिशवी, हे सगळं वगळा. भूत, करणी, लिंबातून रक्त यांच्याबाबत जपून. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. करमणुकीची हातचलाखी त्यात येत नाही, पण अंगात शक्ती असल्याचं सांगून चमत्कार दाखवत पैसे घेणं आणि फसवणं येतं. "ही हाताची सफाई आहे, सरावानं येते" असं एकदा स्पष्ट म्हणा. बहुतेक मुख्याध्यापकांना हे वाक्य तुमच्या सगळ्या खेळांपेक्षा जास्त आवडतं. ससा-कबूतर आणू नका : प्राण्यांच्या खेळाला नोंदणी लागते, आणि रानपोपट बाळगणंच वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

धारणी-चिखलदऱ्याकडं कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणारी लहान मुलं असतात. पहिली-दुसरीला तुमची मराठी धावत गेली तर कळत नाही. बोलणं निम्मं करा, हातवारे वाढवा, आणि तिथल्या शिक्षकांकडून "बस", "बघ", "मोज" एवढे तीन शब्द कागदावर घेऊन जा.

---

रोकडा_हिशेब :

पैशाचं मी बोलतो. ठरवताना बयाणा निम्मा, उरलेले कार्यक्रमाच्या आधी. नंतर मागितले की "अध्यक्ष गेले", "खजिनदार येतो", आणि तुमची शेवटची एसटी निघून जाते.

---

पार_मंडळ :

हे शहरात चालतं भाऊ. पाहुण्यांसमोर "आधी पैसे टाका" म्हणालात तर गाव म्हणेल, आमच्यावर भरोसा नाही. मग कार्यक्रम कितीही चांगला करा.

---

रोकडा_हिशेब :

पाहुण्यांसमोर कोण म्हणतो? आदल्या दिवशी संध्याकाळी फोन : "उद्या साडेतीनला पोहोचतो, पावती लिहून आणतो, आल्यावर खजिनदारांना भेटतो." एवढ्यात सगळं आलं. पोहोचल्यावर पावती त्यांच्या हाती द्यायची आणि पेटी उघडायला बसायचं. नव्वद टक्के जण तिथंच फोन काढून पैसे पाठवतात. वर्गणी रोख असते, म्हणून सुटे ठेवा. प्रवासखर्च वेगळा दाखवू नका, रकमेतच धरा. वेगळा "पेट्रोल"चा आकडा पाहिला की घासाघीस तिथंच सुरू होते. पावसानं रद्द झालं तर बयाणा परत नाही, पण पुढची तारीख त्याच पैशात. हे त्या सात-आठ ओळींत लिहा.

---

पार_मंडळ :

असं असेल तर हरकत नाही.

---

बोलकी_बाहुली :

वाढदिवसाचं राहिलं. पैसे बाबा देतात, पण कार्यक्रम कसा झाला हे आई आणि आजी ठरवतात, म्हणून फोन बाबांचा आला तरी एकदा वहिनींशी बोला. तीन गोष्टी विचारा : लेकराचं घरातलं नाव, वय, आणि ते मोठ्या आवाजाला किंवा तोंड रंगवलेल्या माणसाला घाबरतं का. तीन वर्षांखालचं असेल तर जोकरचा रंग-नाक नकोच, साधा रंगीत सदरा आणि टोपी. ज्याचा वाढदिवस तेच रडलं तर बाकी पंचवीस हसून उपयोग नाही.

कार्यक्रम केकच्या आधी. केकनंतर ताटं येतात आणि मुलांचे हात-तोंड अडकतात. पण केकच्या आधी म्हणजे मामा येईपर्यंत थांबणं आलं, म्हणून इथं वीस मिनिटांचा जादा माल लागतोच. मुलं "पंधरा-वीस" सांगितली तर चाळीस धरा, कारण गावात आमंत्रण घराला असतं. फुगे मात्र इथं जमतात : चाळीस मुलं, एकच आकार, रंग मुलानं निवडायचा, अर्धा तास. पहिला फुगा वाढदिवसाच्या लेकराला, दुसरा त्याच्या धाकट्या भावंडाला. शेवटच्या खेळात केकची सुरी, मेणबत्ती यातलं काही काढू नका. लेकराला खुर्चीवर बसवा, सगळ्यांकडून नाव घेववा आणि आईला हाक मारा. केक आणायला ती आतच उभी असते.

---

गंमत_दारव्हा :

सगळ्यांचे आभार. आत्ताच सचिवांशी बोलणं झालं. नऊ नंदी आणि बिस्किटं कबूल. पाहुणे साडेपाचला, सत्कार सहा. पण स्टेज म्हणून ट्रॅक्टरची ट्रॉली लावतो म्हणून राह्यले. चालेल का?

---

दिग्रस_साउंड :

चालते, पण ट्रॅक्टर काढून नेऊ देऊ नका, जोडलेलाच ठेवा, नाहीतर पुढचं टोक जॅकवर राहतं आणि तुम्ही उड्या मारल्या की डुलतं. चाकांना दोन्हीकडून दगड. चावी ड्रायव्हरच्या खिशात नको, सचिवाकडं. मागचा फाळका पाडलेला असेल तर त्याच्या कडेला चुन्याची रेघ मारा, मागं सरकताना दिसत नाही. स्पीकर ट्रॉलीत ठेवू नका, जमिनीवर स्टँडला.

---

बोलकी_बाहुली :

आणि पहिली रेघ आठ फुटांवर नको, बारावर घ्या. ट्रॉलीचा तळ पोट्ट्यांच्या डोक्यांच्या वर येतो, पुढच्या रांगेला तुमचे बूट तेवढे दिसतील. बाहुलीचं टेबल अगदी पुढच्या कडेला. मुलांना ट्रॉलीवर चढवायचं नाही. ज्याला बोलावाल त्याच्यासाठी तुम्हीच खाली उतरा, त्यासाठी बाजूला एक मजबूत स्टूल मागून घ्या. साडेपाचच्या पाहुण्यांसाठी तुमचा शेवटचा खेळ पाच पंचवीसला सुरू करा.